चुलीचा पंचनामा

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कंट्रोलात, म्हणजे रेशनच्या दुकानात, धान्य आलं. दर महिन्याला जाऊबाई आणतात अन् आमचा वाटा भिंतीवरून देतात. आज त्यांना ताप, म्हणून बुढीला घेऊन मीच गेली. बुढी म्हणजे सासूबाई. तोंडावर माय म्हणते, इथं बुढी. इथं कोण वाचते.

बुढीनं मशीनवर अंगठा ठेवला. कंट्रोलवाला तांदूळ मोजता मोजता म्हणाला, "राकेशले सरकारी नोकरी लागली मनते? पेढे तं नाई भेटले आमाले."

राकेश म्हणजे जाऊबाईंचा मोठा. मी म्हटलं, भेटन तुमाले बी.

"पेढे राहू द्या काकू. पन हे कार्ड आता जाते मनून समजा. नोकरीवाल्याच्या घरी हे धान्य चालत नाई."

"नोकरी त्याईच्या घरी लागली. आमच्या घरी कोन हाये नोकरीवाला? आमचे हे तं राईस मिलमंदी तांदळाचे बोरे उचलतेत."

"कार्डात तं एकच घर हाये ना."

खरं आहे. कार्ड बुढीच्या नावानं, कारण घरातली मोठी बाई ती. त्याखाली भा.चं सगळं घर, त्याखाली आम्ही तिघं. (भा. म्हणजे मोठे भासरे, यांचे थोरले भाऊ. भासऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसते, मग लिहू तरी कायले?) चूल वेगळी होऊन तीन वर्षं झाली, पण कार्ड वेगळं करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तांदूळ तर भिंतीवरून येतच होता.

घरी येईपर्यंत तांदळाचाच हिशोब. शेतातल्या वाट्याचे धान आखाडीपर्यंत, म्हणजे आषाढापर्यंत कसेबसे पुरतात. त्यापुढं नवे धान निघेपर्यंत कंट्रोलचाच भात.

१३ सप्टेंबर

रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, "दादा असं करनार नाई." मी म्हटलं, दादाच्या हातात काय आहे? कायदा आहे. हे मिलमधून आले की पाठ धरून बसतात, अन् घरचा विषय काढला की ती पाठ जास्तच दुखते. मला हसू पण आलं अन् राग पण.

आज भा.नी बुढीजवळ निरोप ठेवला. कार्ड ते स्वतःच जमा करणार, पोराच्या नोकरीला डाग नको. दिवाळीच्या आत तुम्ही तुमचं वेगळं करून घ्या. माणूस सरळ आहे, त्याबद्दल नावं ठेवायची नाहीत.

जाऊबाईंनी निरोप वगैरे काही ठेवला नाही. त्यांचं माझं बोलणं म्हणजे भांड्यांचा आवाज. हे पाठीनं खाटेवर पडले होते त्या पावसाळ्यात त्या एकदा बोलल्या, "खानारे हात जास्त झाले अन् कमावनारे कमी." मी त्याच संध्याकाळी तवा, परात अन् पोरगी उचलली अन् मागच्या पडवीत चूल मांडली. तेव्हापासून जाऊबाई माझ्या घरी पाणी प्यायल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत पण आल्या नाहीत. मी पण बोलावलं नाही. बुढी एक पुनव तिकडं, एक पुनव इकडं, महिना महिना. दोन्हीकडं तिची गोधडी तेवढी एकच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तालुक्याला, गोरेगावला गेली, सेतूत. ST मध्ये उभं राहून पाय गेले. सेतूतली बाई चांगली होती. तिनं नीट सांगितलं: उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, वेगळं राहतो असं स्वयंघोषणापत्र. मग साहेब घरी येऊन पाहील, चूल वेगळी आहे की नाही. पण या सगळ्याच्या आधी जुन्या कार्डातून नावं काटून आणा. एक माणूस दोन कार्डांत राहत नाही.

"काटते कोन?"

"ज्याच्या नावानं कार्ड आहे त्यांनी अर्ज करायचा. सासूबाईंना घेऊन या."

मला वाटलं, चला, सोपं आहे. बुढी सध्या माझ्याच पुनवेत आहे.

१७ सप्टेंबर

सोपं कशाचं डोंबलाचं.

बुढी सांगितलेलं सगळं ऐकून घेते, मान हलवते, अन् मग म्हणते, "मी नाई अंगठा देत."

"काऊन?"

"तुह्या सासऱ्याचं नाव काटलं होतं. मेले तवा. मी गेल्ती, मीच अंगठा देल्ता. आता जित्या पोराचं नाव मी काटू? कोनती माय काटते वं?"

मी किती समजावलं. माय, कागदावरून काटायचं आहे, जगातून नाही. इथून काटलं की तिथं लिहितात. ती म्हणे, "पहिले तिथं लिहा. मंग इथून काटतो." तसं होत नाही, म्हटलं. "मंग मी काटत नाई."

आमची पोरगी गुड्डी म्हणाली, आजी, शाळेत पण असंच असते, एका शाळेतून दाखला काढला की दुसरीत नाव घालतात. आजीनं तिला पण ऐकवलं, "मधातले दिवस कुठी राहतेत मंग? रस्त्यावर?"

 

१८ सप्टेंबर

यांना म्हटलं, तुम्ही सांगा तुमच्या मायला. यांनी सांगितलं ते असं: "माय, तूच बघ बाप्पा, कसं करतं ते." झालं. याला सांगणं म्हणतात!

दुपारी गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवता शिवता उलटी बाही लावली. उसवून परत लावली. डोकं जाग्यावर नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

पितृमोक्ष अमावस्या. बुढीनं सासऱ्यांच्या नावानं घास काढला, कौलावर ठेवला. कावळा येईना. बुढी हात जोडून उभी, मी मागं. तिथंच माझ्या तोंडून निघालं.

"माय, ज्याचं नाव काटलं त्याले घास ठेवून राहिली तू. अन् ज्याचं नाव काटत नाई मनते, तो कार्ड गेल्यावर काय खाईल?"

असं नव्हतं बोलायचं. पितरांच्या दिवशी तर नव्हतंच.  कावळा आला, घास घेऊन गेला, अन् बुढी तशीच उभी. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली पण नाही. मला लई वाईट वाटलं. पण भीती पण तेवढीच होती, अन् भीती वाटली की माझी जीभ अशीच सुटते. माहेरी पण बाबा म्हणायचे, या पोरीच्या जिभेला लगाम नाही.

२३ सप्टेंबर

बुढी सकाळी उठून लुगडं नेसून तयार. पाटली घातलेली, डोक्याला तेल.

"चाल."

"कुठी?"

"नाव काटाले. पन पहिले माह्यं काटायचं. मंग तुमचं. मी तुमच्यासंगं निंघते. पोरं घरातून गेली अन् माय मागं राहून कडी लावून राहिली, असं नको."

मी म्हटलं, माय, तुझं तिथं राहिलं काय अन् इथं आलं काय, तुला धान्य कुठंही... बोलता बोलताच लक्षात आलं, नोकरी भा.च्या घरी, म्हणजे तिथं कुणालाच नाही. म्हणजे तुझं नाव इकडं आलं तर बरंच आहे, पाच किलो जास्त. हे मनात आलं अन् लाज वाटली. पण आलं, हे पण खरं. फोटो अन् कागद जमवण्यात आजचा दिवस गेला, उद्या निघू.

२४ सप्टेंबर, बुधवार

तहसीलला पुरवठ्याच्या खिडकीवर दुपारपर्यंत. बुढी व्हरांड्यात उकिडवी बसून होती. नंबर आला तेव्हा खिडकीवरच्या माणसाला तिनं विचारलं, "माह्यं पहिले काटलं ना?" त्यानं वर पण पाहिलं नाही. म्हणाला, "हो आजी, सगळ्यांचं संगच होते." बुढी माझ्याकडं बघून, "संगच होते मनते." एकदम हलकी झाली ती. परत येताना स्टँडवर तिनं स्वतः भजे मागितले.

चौघांची नावं निघाली. काटल्याचा दाखला मिळाला. तिथूनच सेतूत नवीन अर्ज टाकून आली. पावती आली मोबाइलवर.

आता आम्ही कुठंच नाही. मधातल्या दिवसांत आहोत.

२ ऑक्टोबर, दसरा

भा. सोनं घेऊन आले. पडवीच्या बाहेर उभे राहिले, बुढी बाहेर गेली. पाया पडले. मी आत पदर घेऊन उभी, सगळं ऐकू येत होतं.

"माय, गावात मनून राहिले, मोठ्यानं मायले कार्डातून काढलं."

"तू कुठी काढलं? मीच निंघाली."

"हे लोकायले कोन सांगन?"

बुढी म्हणाली, "लोकायले सांगाचं काम नाई. तुले समजलं ना?"

भा.ना समजलं नसावं.  गेले. यांच्या हातात सोनं दिलं, गळ्याशी नाही लागले. हे दिवसभर त्या आपट्याच्या पानाकडं बघत बसले. मी म्हटलं, जा ना भेटून या. तर म्हणे, उद्या. यांचा उद्या!

कंट्रोलात या महिन्याला आमची नावं मशीनवर दिसत नाहीत. माहीतच होतं, तरी जाऊन विचारून आली.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली. आता बुढीची पुनव तिकडची. गोधडी बांधून ठेवली मी. तर म्हणे, "नाई जात. साहेब आला अन् मी तिकडं दिसली तं? कार्ड भेटेपर्यंत इथंच."

भा.ना काय वाटलं असेल ते मला भिंतीतून समजलं. जाऊबाईंनी आज भांडी फारच जोरात घासली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहू की नको असं झालं आहे.

आज आमच्या घराण्याचं नवं होतं. लवकर पिकणारा हलका धान पहिला कापला की भा. दिवस ठरवतात. त्या दिवशी भाऊबंदांत किती का चुली असेनात, पेटते एकच, देवघर ज्याच्या घरी असेल त्याची. बाकीच्यांनी चूल सारवून थंडी ठेवायची. नव्या तांदळाची खीर आधी देवाला, मग सगळे एका ओळीत बसून खातात. हे फक्त दोनदा होते, नव्याला अन् मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला. भांडण झालं त्या वर्षी पण मी गेली होती. जाऊबाईंचं अन् माझं बोलणं नव्हतं, पण खीर त्यांनीच वाढली होती. या दिवशी न जाणं म्हणजे कुणी मेल्यासारखं.

मी पहाटे उठून माझी चूल सारवली. राख काढली, पांढऱ्या मातीचा हात दिला, वर रांगोळीची एक ओळ. अशी स्वच्छ चूल, वाटेना की कधी पेटली असेल.

अन् आम्ही सगळे भा.च्या ओसरीत जेवायला बसलेलो, बाहेर मोटरसायकल थांबली.

साहेब! तरणाच आहे, घामाघूम. "विभक्त कुटुंबाची चौकशी आहे, कोण आहेत?" मी हातातला घास टाकून उठली. भा. म्हणाले, "आधी बसा, नवं हाये आमचं, तोंड गोड करा." तो बसला. खीर खाल्ली, वाटी चाटून खाल्ली. मग म्हणाला, चला, चूल दाखवा.

दाखवली. काय दाखवणार? सारवलेली, रांगोळी घातलेली थंडी चूल. गॅस नाही, कारण गॅस जाऊबाईंच्या नावानं, तो एका कार्डावर एकच मिळाला. मीटर पण भा.च्या नावानं, तिकडून वायर ओढलेली.

मी सगळं सांगितलं त्याला. नवं म्हणजे काय, आजच्या दिवशी का पेटत नाही. तो ऐकत होता. वाईट माणूस नाही. म्हणाला, "काकू, मला समजते. पण मी जे पाहिलं तेच लिहू शकतो ना. सगळे एका जागी जेवत होते, या चुलीत राख पण नाही." त्यानं फोटो काढला चुलीचा. पंचनाम्यात लिहिलं, एकत्र स्वयंपाक आढळून आला. शेजारच्या दोघा भाऊबंदांनी सही पण केली, ते पण नव्याला आले होते ना!

आपल्याच हातानं राख काढून फेकली मी. अक्कल कुठं गेली होती? एक मूठ राख राहू दिली असती.

१० ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. जुन्या कार्डात नाही, नव्यात नाही. बुढीचं पण गेलं ते माझ्यामुळं.

बुढी म्हणते, "देवाच्या दिवशी आला, देवच पाहून घेईल." मी म्हटलं, देव कंट्रोलात बसत नाही. परत तीच जीभ.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तहसील. खिडकीवरच्या माणसानं अर्ज काढून पाहिला. त्रुटी. परत चौकशीसाठी विनंती द्या. दिली. कधी येतील? "दिवाळीनंतर. सांगून येत नसतात. सांगून आले तर लोक चूल मांडून ठेवतात."

मी म्हटलं, "अन् न सांगता आले तर सारवून ठेवतात." तो हसला. मला नाही हसू आलं.

१६ ऑक्टोबर

चूल विझू देत नाही आता. सकाळी पेटवली की संध्याकाळपर्यंत धूर. तांदूळ दोन्ही वेळचा जपून, म्हणून नुसतं पाणी ठेवते वर. साहेब आला तर उकळतं पाणी तरी दिसेल. राखेचा ढीग तसाच ठेवला आहे बाजूला, पुरावा.

हे मिलमधून आले अन् म्हणाले, "तांदूळ नाई अन् चूल पेटूनच राहिली." मग स्वतःच हसले. मी पण हसली. हसता हसता रडायलाच आलं. यांनी गुड्डीला बाहेर नेलं, अन् परत येताना कुठून तरी लाकडाचा भारा आणला. यांचं प्रेम असंच आहे, मुक्याचं.

भिंतीपलीकडून जाऊबाई, कुणालाच उद्देशून नाही, "धुरानं डोये गेले बाप्पा."

मी पण कुणालाच उद्देशून नाही, "ज्याचे गेले त्यानं खिडकी लावावी."

२१ ऑक्टोबर, दिवाळी

दोन ब्लाउज शिवून दिले, त्या पैशात गुड्डीला फुलबाज्या आल्या. भिंतीवर एक सूप दिसलं, तांदळानं भरलेलं. जाऊबाईंचं सूप, काठ बांधलेला मी ओळखते.

भिंतीपलीकडं परत ठेवलं तसंच. सूप उचलताना हात थांबला होता, खोटं कायले बोलू. पण खाणारे हात जास्त, हे शब्द अजून कानात आहेत.

बुढीनं पाहिलं. "तुह्या पोटात राग हाये, त्यावर भात बसन कसा," म्हणाली. संध्याकाळी ते सूप परत भिंतीवर होतं. या वेळी बुढीनं उचललं अन् मडक्यात रिकामं केलं. मी पाठ फिरवून दिवे लावत होती. रात्री भात खाल्ला. मऊ होता. नव्या धानाचा.

३० ऑक्टोबर

साहेब नाही. मोटरसायकल वाजली की उठून बघते. परवा तर गॅसवाला होता.

४ तारखेला गावची मंडई. म्हणजे परत चूल एकच. बुढीला सांगितलं, यंदा मी येणार नाही अन् माझी चूल विझणार नाही. बुढी म्हणाली, "मंडईले तुही चूल पेटली तं तू घराण्याबाहेर." मी म्हटलं, होऊ दे. सरकारनं पण बाहेर केलं, घराण्यानं पण करावं. गुड्डीचा भात कोण देईल?

बोलून तर गेली. मंडईला एकटं जेवायचं! लग्न होऊन आल्यापासून असं कधीच नाही. रडायला येते.

४ नोव्हेंबर, मंगळवार, मंडई

सकाळपासून गावात भोंगे, पाळणेवाले, पाहुणे. भा.च्या ओसरीत नणंदा आलेल्या, त्यांचे आवाज. मी पडवीत बसून. चूल पेटवायला काडी हातात घेतली अन् ओढवेना. खरंच ओढवेना. देवाच्या दिवशी आपल्या काडीनं आपली चूल पेटवायची म्हणजे...

तेवढ्यात उंबऱ्यात पाय. भेगा पडलेले, जोडवी घातलेले. जाऊबाई!

हातात लोखंडी पळी, पळीत लाल विस्तव, देवघराच्या चुलीतला. धुरानं डोळे बारीक केलेले. सरळ आत आल्या, मला बाजूला सरकवलं, अन् विस्तव माझ्या चुलीत टाकला. मग वाकून फुंकर मारायला लागल्या.

मागं बुढी काठी टेकत. "काय बघून राहिली? लाकडं दे तिले."

"पन माय, चूल एकच..."

"विस्तव एकच हाये ना? मंग चूल एकच. देवाले समजते." अन् मग म्हणाली, "अन् तुह्या साहेबाले दोन दिसन. त्याले दिसू दे."

हे डोकं बुढीचं की जाऊबाईंचं, अजून समजलं नाही. विचारलं तर दोघी एकमेकींकडं बोट दाखवतात.

लाखोरीच्या डाळीचे वडे माझ्या चुलीवर, भात अन् भाजी तिकडं. परातीतून इकडचं तिकडं. वडे तळायला जाऊबाई माझ्याकडंच बसल्या. बोलल्या काय तर, "तेल जास्त तापलं," "मीठ कमी हाये." मी हो हो केलं. किती तरी वेळानं घाम पुसत म्हणाल्या,

"मंगला, पानी दे वं."

मी गडवा भरून दिला. सगळा प्यायल्या.  पलटून पाहिलं पण नाही त्यांनी, वडाच उलटवला. पुढं चुलीत बघूनच म्हणाल्या, "त्या सालचं बोलनं... तवा राकेशची फी भराची होती. डोकं फिरलं होतं माह्यं." एवढंच. मी म्हटलं, "माह्यी जीभ बी काही कमी नव्हती." त्या म्हणाल्या, "ते तं साऱ्या गावाले माहीत हाये." दोघींना हसू आलं.

जेवताना सगळे भा.च्या ओसरीत एका ओळीत. यांच्या पानात भा.नी स्वतः वडा टाकला. हे मान खाली घालून खात होते, पण तो वडा यांनी सगळ्यात शेवटी खाल्ला, पोरासारखा.

दिवसभर दोन्ही चुली धुपत होत्या. अन् साहेब? आज कुठला येते. मंडईला सगळे मंडईत.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुनव. भा. सकाळीच अंगणात येऊन उभे. आतल्या बाजूनं मी पदर घेतला. बुढीला म्हणाले, "माय, कागदात तू कुठी बी राह. ह्या पुनवेले घरी चाल. मागची चुकली माह्यी."

बुढीनं माझ्याकडं पाहिलं. मला म्हणायचं होतं, नको जाऊस, साहेब आला तर मी काय दाखवू. तोंडापर्यंत आलं होतं. मग भा.चे पाय दिसले, चप्पल काढून उभे होते आपल्याच भावाच्या अंगणात.

मीच गोधडी बांधून दिली.

जाताना बुढी म्हणे, "साहेब आला तं आवाज दे. भिंत काय मोठी हाये? मी येऊन उभी राहीन."

दुपारी फोन. साहेबाचाच. मागच्या वेळेस त्याला वाईट वाटलं होतं म्हणे, म्हणून सांगून येतो, कुणाला बोलू नका. उद्या सकाळी. "काकू, उद्या काही सण तर नाही ना?"

नाही म्हटलं.

"चूल पेटलेली असू द्या. अन् अर्जात सासूबाई तुमच्याकडं राहतात असं लिहिलं आहे, त्या हजर पाहिजेत. त्यांचं अंथरूण-पांघरूण पण पाहावं लागते."

फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात. गोधडी एकच, अन् ती आज भिंतीच्या पलीकडं. बुढीला आवाज दिला की येईल, उभी राहील. पण विचारलं, आजी, तुम्ही कोणाकडं राहता? बुढी खोटं बोलत नाही. तिला बोलायला लावायची पण माझी हिंमत नाही. दोन्हीकडं, असंच म्हणेल. तेवढं लिहायला त्याच्या कागदात जागा असेल का?

यांना विचारलं. हे म्हणाले, "खरं हाये तेच सांगू." अन् पाठीवर हात ठेवून झोपले. या वेळी मला राग आला नाही.

राख काढली नाही. लाकडं आत घेऊन ठेवली. काडीपेटी आहे घरात, पण सकाळी पळी घेऊन जाऊबाईंकडं जाईन, विस्तव आणायला.